आपण पाठवलेल्या टीव्हीच्या स्पष्टपणाविषयी

तीर्थस्वरूप मामांना,

आपल्या भाचीचा वाकून नमस्कार. (पत्रातून वाकता येत नाही, हे मला ठाऊक आहे; परंतु मी जमिनीवर बसून, जमिनीवरच कागद ठेवून लिहीत असल्यामुळे वाकणे आपोआप घडत आहे. तेव्हा नमस्कार प्रत्यक्ष पोचला असे समजावे.) आपला उजवा गुडघा आता जिने चढू देतो का? मामींचा खोकला पूर्ण गेला, की अजून नको असलेले पाहुणे आले म्हणजे तेवढ्यापुरता परततो?

यापुढे ‘इकडील सर्व क्षेम आहे’ असे वाक्य येते. ते मी लिहिलेही होते, पण वाचून पाहिल्यावर मलाच पटेना, म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि हा नवा घेतला. घाबरू नये, कोणी अंथरुणाला खिळलेले नाही. मात्र स्वतःचे डोळे गेले अशी बाबांची पक्की समजूत झाली असून, त्या समजुतीपायी ते या महिनाअखेर दुकान सोडत आहेत. त्या समजुतीचे मूळ, क्षमा असावी, आपण मोठ्या प्रेमाने पाठवलेल्या टीव्हीपाशी आहे. ते खणून काढल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही, असे ठरवले आहे. (फोनवर मी आपल्याशी ‘बरी आहे’ याहून अधिक कधी बोलले नाही, त्यामुळे ही भाषा दुसऱ्या कोणाची वाटेल. माझीच आहे. कागदासमोर मला भीती वाटत नाही.)

टीव्ही आला तो दिवस मी विसरणार नाही. खोके जिन्यात अडकले, तेव्हा ते आणणाऱ्या दोघांपेक्षा आईच जास्त ओरडत होती, आणि त्या ओरडण्यातही अभिमान होता. शेजारच्या चार दारांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘सांभाळून हो, माझ्या भावानं पाठवलाय’ हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटले की त्यांतला एकजण शेवटी म्हणाला, ‘बाई, कळलं, तुमच्या भावाला आम्ही काही होऊ देणार नाही.’ जुना छोटा टीव्ही माळ्यावर गेला आणि भिंतीवर हा नवा विराजमान झाला. इतका मोठा, की त्याच्यासमोर बसल्यावर आपणच कोणाच्या तरी घरी पाहुणे आलो आहोत असे वाटावे.

आता या घरातील एक अलिखित कायदा आपल्याला सांगणे भाग आहे, कारण तो आपल्यापासूनच लपवून ठेवलेला आहे. आईच्या माहेराहून आलेल्या वस्तूत दोष असू शकत नाही. आपण पूर्वी पाठवलेले भिंतीवरचे घड्याळ पुढे जाते, हे आजवर कोणी उच्चारलेले नाही. आम्ही सर्वजण सगळीकडे लवकर पोचतो आणि आई त्याला शिस्त म्हणते. आपण दिलेल्या छत्रीची एक काडी नेहमी धरणाऱ्याच्या डोळ्याकडे वळते, तरी वहिनी ती छत्री हसतमुखाने, मान तिरकी करून वापरते. (वहिनी म्हणजे आमच्या दादाची बायको. ती या घरात येऊन फार दिवस झाले नाहीत, पण हा कायदा तिने सर्वांत आधी आत्मसात केला.)

तर त्या पहिल्या संध्याकाळी टीव्ही लावला आणि बातम्या देणारी बाई प्रकट झाली. मामा, मी खरे तेच लिहिते. तिचा चेहरा पाण्यात भिजलेल्या चित्रासारखा दिसत होता, कडा पसरलेल्या, डोळे कुठे संपतात आणि भुवया कुठे सुरू होतात ते कळेना. शिवाय ती आडवी वाढली होती, गाल दोन्ही बाजूंना ताणलेले. खाली सरकणाऱ्या पट्टीवरची अक्षरे तर मुंग्यांची रांग वाटत होती. मग आई म्हणाली, ‘काय बाई स्वच्छ! जशी समोर येऊन बसलीये.’ दादा लगेच म्हणाला, ‘काच आहे काच!’ वहिनीने ‘जरा अंगानं भरल्यासारखी वाटते ना?’ एवढी शंका काढली, त्यावर आईने ‘सुखात असेल’ असे सांगून तो विषय संपवला. मी गप्प होते. माझे गप्प राहणे या घरात होकारात धरले जाते. बाबांनी मात्र चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिले, आणि उठून गॅलरीत गेले.

बाबांचे काम आपल्याला ठाऊक आहेच, तरी लिहिते, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. बक्षिसांच्या ढालींवर, पितळी पाट्यांवर आणि अंगठ्यांच्या आतल्या बाजूला नावे कोरायची, म्हणजे तांदळाएवढ्या जागेत दोन माणसांचा संसार बसवायचा. एक रेघ चुकली तर ती पुसता येत नाही. अशा माणसाला आपल्या डोळ्यांविषयी शंका आली, तर हात आधी थरथरत नाही, मन थरथरते. बाबांनी प्रथम अंगठ्या घेणे थांबवले, मग पाट्या. आता ते फक्त ढाली घेतात, त्याही मोठ्या अक्षरांच्या. आणि एके दिवशी त्यांनी घरात सांगितले, की शेजारचे चावीवाले काका बरेच दिवस जागा मागत आहेत, त्यांना ती महिनाअखेर देऊन टाकायची. आईने कारण विचारले तेव्हा ‘वय झालं’ एवढेच म्हणाले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि बाहेर येऊन तिने टीव्ही लावला.

खरे कारण त्यांनी फक्त मला सांगितले. (मी ते कोणाला सांगणार नाही अशी त्यांना खात्री होती, कारण मी कोणाला काहीच सांगत नाही.) म्हणाले, ‘हे बघ, जुन्या फुटक्या टीव्हीवर मला सगळं धड दिसत होतं. हा एवढा भारी टीव्ही. सगळ्यांना काचेसारखं दिसतं आणि मला धुकं. मग दोष कुणाचा?’ मी म्हटले, ‘बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर नजर उत्तम आहे असं सांगितलं.’ त्यावर ते म्हणाले, ‘त्यांच्या भिंतीवर अक्षरं केवढाली! तेवढी तर डोळे मिटूनही दिसतील.’

मामा, त्यांच्या तर्कात कोठेही फट नव्हती. वर्गात पहिली येणारी मुलगी म्हणून मी तो तर्क कागदावर मांडून पाहिला आणि माझीही तीच उत्तरे आली. फक्त एक अडचण होती. मलाही धुकेच दिसत होते, आणि माझे डोळे उत्तम आहेत. तेव्हा दोषाचा तपास करायचाच, असे मी त्या क्षणी ठरवले.

पहिला संशय पडद्यावरच्या प्लास्टिकवर आला. टीव्हीबरोबर जो पातळ पापुद्रा येतो, तो आईने काढू दिला नव्हता (‘राहू दे, नवा राहतो’). आई बाजारात गेली असताना मी तो काढला. बातम्यांच्या बाईच्या चेहऱ्यावर तेज आले, पण कडा तशाच पसरलेल्या. शेवटी पापुद्रा परत चिकटवावा लागला आणि त्यात एक बुडबुडा राहिला, तो नेमका तिच्या नाकावर येतो. आईने तो पाहिला आणि त्याविषयीही ती काही बोललेली नाही.

मग मी वाचनालय गाठले. विज्ञानकोशाचा खंड काढताना वरचे तीन खंड माझ्या डोक्यावर आले आणि ग्रंथपालांनी मला प्रथमच ‘आवाज करू नका’ असे सांगितले. त्या क्षणी मला जो विलक्षण अभिमान वाटला, तो मी नोंदवून ठेवते. कोशात मला हवे ते मिळाले. लोक ज्याला रेझोल्यूशन म्हणतात, ती म्हणजे चित्र किती ठिपक्यांनी बनले आहे याची मोजदाद. आईच्या भरतकामाने मला ते चटकन समजले. चौकोनी जाळीच्या कापडावर ती फुलीचे टाके घालून पोपट भरते ना, तसेच आहे. जाळी जाड असेल तर पोपटाची चोच तीन टाक्यांत उरकावी लागते आणि तो कावळाही वाटू शकतो. जाळी बारीक असेल तर चोचीला तीस टाके मिळतात, तिचा बाकसुद्धा दिसतो. आपल्या टीव्हीच्या पडद्याला आडवे एक हजार नऊशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी टाके आहेत, म्हणजे वीस लाखांहून अधिक. पडदा उत्तम आहे, मामा. आपण पाठवलेल्या कापडात दोष नाही, हे मी येथे ठळकपणे लिहून ठेवते.

पण कोशावर विसंबणे मला बरे वाटेना. मी बाबांचे कोरीव कामाचे भिंग आणले आणि टीव्ही चालू असताना पडद्याला नाक लावून पाहिले. खरोखरच टाके दिसले! तांबड्या, हिरव्या, निळ्या रंगाचे इवलेसे उभे तुकडे, ओळीने, एकही टाका सुटलेला नाही. त्याच वेळी वहिनी आत आली. बातम्यांमध्ये कोणी तरुण खेळाडू मुलाखत देत होता आणि मी त्याच्या गालाला भिंग लावून उभी होते. वहिनी म्हणाली, ‘अगं, आवडला असेल तर सांग ना, चौकशी करू.’ मी लाजेने उत्तर देऊ शकले नाही, आणि माझे गप्प राहणे कशात धरले जाते ते वर आलेच आहे. दादाने दुसऱ्या दिवशी त्या खेळाडूचे वय आणि शिक्षण काढून आणले.

मोजणीचे पुढचे पाऊल असे होते. पडद्याला वीस लाख टाके असतील, तर चित्र धूसर का? मी टीव्हीच्या दुकानात गेले. (काय विचारायचे ते वाक्य घरून पाठ करून गेले होते, पण दारात उभ्या असलेल्या विक्रेत्याने ‘या ताई’ म्हटल्याबरोबर विसरले.) तिथे भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच फूल उमलत होते, इतके स्वच्छ की परागही मोजता यावेत. मी धीर करून विचारले, ‘याचं रेझोल्यूशन किती?’ तो म्हणाला, ‘फुल एचडी.’ मी म्हटले, ‘म्हणजे किती?’ तो म्हणाला, ‘म्हणजे फुल.’ मी आणखी विचारले, ‘पण हे चित्र यात येतं कुठून?’ यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले, की आमच्या घरात आजवर टीव्हीच नव्हता असे त्याला वाटले असावे. तेव्हा मी खाली बसले आणि टीव्हीच्या मागे डोके घातले. वरून आवाज आला, ‘ताई, मागे काय बघताय? चित्र पुढे असतं!’ मला मात्र जे हवे होते ते मागेच सापडले. त्यांच्या टीव्हीला चपट्या तोंडाची एकच जाड तार होती. आमच्या टीव्हीला पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन तोंडांची तार आहे. जुन्या टीव्हीची.

घरी येईपर्यंत सगळी जाळी माझ्या डोक्यात बसली. त्या तीन रंगांच्या तारेतून येणारे चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचे असते, आडवे सातशे वीस आणि उभे पाचशे शहात्तर टाके, म्हणजे चार लाखांच्या आसपास. जुन्या टीव्हीचे कापडच जाड होते, म्हणून ते त्यावर शोभत होते. नव्या टीव्हीला पाचपट टाके भरायचे असतात आणि नमुना मिळतो तो चार लाखांचा. मग उरलेल्या जागी तो शेजारचा रंग बघून अंदाजाने टाके घालतो, आणि चौकोनी चित्र लांबट चौकटीत बसवण्यासाठी बिचाऱ्या बाईचे गाल ओढतो. म्हणजे जितका टीव्ही उत्तम, तितका तारेचा दोष उठून दिसणार! बाबांच्या तर्कातली फट सापडली. ‘जुन्यावर दिसत होते आणि नव्यावर दिसत नाही’ यावरून डोळ्यांविषयी काहीही सिद्ध होत नाही.

चपटी तार घरातच होती. टीव्ही जोडायला आलेला केबलवाला नव्या बॉक्सबरोबरची ती पिशवी फोडू लागला, तेव्हा ‘जुनी धड आहे ना? मग नवी कशाला वाया घालवता’ असे म्हणून आईने ती त्याच्या हातातून काढून घेतली होती आणि आपण लिहिलेल्या पत्रांशेजारी कपाटात जपून ठेवली होती. केबलवाल्याने एकदा ‘अहो पण बाई’ एवढे म्हटले. आईचा चेहरा पाहून त्याने पुढचे म्हटले नाही.

मी सर्वांसमक्ष प्रयोग करायचे ठरवले. सुटीच्या दिवशी जेवणे आटोपल्यावर सगळे बसलेले असताना मी उभी राहिले. मी उभी राहिले हीच घटना इतकी मोठी होती की दादाने टीव्हीचा आवाज बंद केला. मी म्हटले, ‘एक तार बदलून दाखवायची आहे.’ आईने संशयाने पाहिले, पण नाही म्हणाली नाही. मी तार लावली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन मोजमाप एक हजार ऐंशीवर नेले, एचडीचे चॅनेल लावले.

मामा, काय सांगू! बाईला गाल परत मिळाले, भुवयांना केस आले, मागच्या खिडकीतली झाडाची पाने वेगवेगळी झाली. बाबा खुर्चीत पुढे सरकले. ‘अरे,’ ते म्हणाले, ‘दिसतंय की!’ मी लगेच जुनी तार लावली, पुन्हा धुके. नवी लावली, पुन्हा पाने. मग बाबांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, ‘तुम्हाला काय फरक दिसतो?’

येथे माझा सगळा प्रयोग बुडाला. नव्या तारेने चित्र सुधारले असे म्हणायचे, तर आधी ते वाईट होते असे म्हणावे लागते, आणि कायदा आपल्याला सांगितलाच आहे. आई म्हणाली, ‘फरक कसला? दोन्ही छान.’ दादा म्हणाला, ‘काच आहे काच.’ वहिनी आईकडे पाहून म्हणाली, ‘पहिलंही छान होतं, हेही छान आहे.’ बाबा मागे टेकले. मी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘पहिलं धूसर होतं. मला रोज धूसर दिसायचं.’ इतके लांब वाक्य मी सगळ्यांसमोर प्रथमच बोलले असेन. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, ‘माझं मन राखायला बोलतेस, कळतं मला.’

म्हणजे सगळे खोटे बोलले तेव्हा त्यांचे खरे मानले गेले, आणि मी खरे बोलले ते माया म्हणून सोडून देण्यात आले. आता बाबांचा नवा सिद्धांत असा आहे, की त्यांचे डोळे येतात आणि जातात, आणि असे येणारे-जाणारे डोळे घेऊन अंगठी कोरणे अधिकच धोक्याचे. चावीवाले काका परवा जागेची मापे घेऊन गेले. मी मात्र हार मानलेली नाही. वीस लाख टाक्यांचा हिशेब माझ्या बाजूने आहे, तेव्हा एका माणसाची खात्री पटवता आली नाही म्हणून मी मागे हटणार नाही.

मामींना नमस्कार सांगावा, आपला गुडघा जपावा, आणि या लांबलेल्या पत्राबद्दल राग मानू नये. कागद संपत आला आहे, धीर अजून शिल्लक आहे.

आपली आज्ञाधारक (आणि या एका बाबतीत अजिबात आज्ञाधारक नसलेली)
भाची

ता. क. खरी विनंती लिहायची राहिली, किंवा खरे सांगायचे तर लिहायला भीती वाटली. या घरात आपल्या टीव्हीला नाव ठेवण्याचा अधिकार फक्त आपल्याला आहे. तेव्हा रविवारी फोन कराल तेव्हा ‘चित्र कसं आहे’ असे विचारू नये. ‘जुन्या तारेवर धूसर दिसायचं, खरं ना?’ असे विचारावे, आणि ते आईला विचारावे, बाबा शेजारी असताना. आपण स्वतःच दोष काढलात तर आईला तो मान्य करता येईल. बाबांचे दुकान आता आपल्या एका प्रश्नावर आहे.

ता. क. दुसरे. पाकीट शोधायला उठले तेवढ्यात पत्र येथे उघडे राहिले. यापुढील अक्षर माझे नाही.

भाऊ, मी लिहितेय. पोरीचं पत्र सगळं वाचलं. टीव्ही चांगला आहे, मी कुणाला काही बोलू देणार नाही. पण हे टीव्हीपायी दुकान सोडतायत ते मला कुणी सांगितलं नाही रे. मला वाटलं खरंच थकले. आत्ता उठून ह्यांना सांगून आले, की पहिल्या दिवसापासून मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, नुसती मान डोलवत होते. तर म्हणाले, तूही पोरीला सामील झालीस का? मी म्हटलं, सामील कसली! मग म्हणाले, इतके दिवस का नाही बोललीस? मी म्हटलं, माझ्या भावाचा टीव्ही आहे म्हणून. तुमच्या भावाचा असता तर पहिल्याच संध्याकाळी बोलले असते. हे मात्र त्यांना एकदम पटलं. माझ्याकडे बघत राहिले, मग हसायलाच लागले, आणि चपला घालून चावीवाल्याला नाही म्हणून सांगायला गेलेत. तू रविवारी फोन कर, पण चित्राचं विचारू नकोस. विचारलंस तर मी आपलं छान आहे असंच सांगणार, आणि हे मागे बसून हसणार.